झेल्याची बिदाई

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका मॉलमध्ये मी माझ्या लेकीची पार अब्रू घालवली, असं तिचं म्हणणं आहे. आर्या तेरा वर्षांची आहे, आणि त्या वयात अब्रू फार लवकर जाते. तिच्या हट्टापायी आम्ही एका सुपरहिरोच्या मालिकेतला नवा सिनेमा पाहायला गेलो होतो. या मालिकेचा पहिला भाग आला तेव्हा मी तिच्याएवढी होते. मधल्या वर्षांत नट बदलले, हिरोचा पोशाख बदलला, संगीत देणारेही बदलले. मध्यंतराच्या जरा आधी पडद्यावर पहिल्या भागातला तो जुना हिरो आला. केस पिकलेले, एका बस थांब्यावर एकटाच बसलेला. आणि त्याच्या मागे अगदी हळू, क्लॅरिनेटवर पाच सूर वाजले. चार चढत जाणारे, पाचवा एक पायरी खाली उतरून थांबलेला.

मी रडायला लागले. पदराने डोळे टिपण्यासारखं नाही, चांगली हुंदके देऊन. पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या पोरांनी वळून पाहिलं. आर्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, अजून कोणी मेलंपण नाहीये."

तिला काय सांगणार? ती धून सुपरहिरोची आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या लेखी ती सिहोऱ्याची, माझ्या माहेरच्या गावची, बिदाई आहे. त्या पाच सुरांवर आमच्या गावातल्या आणि आसपासच्या कितीतरी पोरी सासरी गेल्या. मी तेवढी राहिले. माझ्या बिदाईला ती वाजली नाही, आणि वाजवणारा माझा बाप होता. का वाजली नाही, हे मी सतरा वर्षांत त्यांना विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती, कारण उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

बाबा बाजेवाले. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, लगीनसराईत बाज्यात. त्यांच्या पार्टीत दहा-बारा माणसं होती आणि सगळ्यांचे कोट लाल, खांद्यावर सोनेरी झालर. ते कोट वर्षातले आठ महिने ट्रंकेत डांबरगोळ्यांबरोबर राहायचे आणि उरलेले चार महिने घामात. ट्रंक उघडली की पहिल्यांदा डांबरगोळीचा वास यायचा, मग जुन्या घामाचा, आणि सगळ्यात खालून पितळ घासायच्या पावडरीचा. तो वास आला की आई म्हणायची, "लगनं लागले वाटते." बाहेर तेव्हा मोह गळत असायचा आणि साऱ्या गावाला त्याचा गोडसर, डोकं जड करणारा वास असायचा. मला अजूनही लग्नाची पत्रिका हातात आली की आधी मोहफुलांचा वास येतो, मग नावं वाचता येतात.

क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची एक बारीक पत्ती असते. तीच थरथरते म्हणून आवाज निघतो. ती ओली असावी लागते. त्यामुळे लग्नाच्या दिवशी सकाळपासून बाबांच्या गालात ती पत्ती असायची, दुसऱ्यांच्या बापाच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो तशी. चहा पितानाही ती काढत नसत. एका बाजूने चहा, दुसऱ्या बाजूला पत्ती. त्यांच्याशी त्या दिवशी बोललं तर "हूं" आणि "ऊंहूं" याच्यापलीकडे उत्तर मिळायचं नाही. आईचं त्या दिवसांत बरं चालायचं, सगळी भांडणं तीच जिंकायची.

पहिला सिनेमा आम्ही तुमसरच्या टॉकीजमध्ये पाहिला. मी, बाबा आणि मनोहरकाका. मनोहरकाका बाबांच्या पार्टीत ताशा वाजवायचे आणि एरवी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. पहिली पाळी संपवून ते थेट टॉकीजवर आले होते. हातपाय धुतलेले, पण डोळ्यांच्या कडांत काळी धूळ तशीच, काजळ घातल्यासारखी. त्यांच्या ताशाच्या कातड्यावरसुद्धा बोटांचे काळे ठसे असायचे. दुपारचा खेळ होता. तुमसरच्या राईस मिलांमधून उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा आंबूस वाफारा येत होता आणि जळलेल्या कोंड्याची राख रांगेतल्या लोकांच्या डोक्यावर बारीक बारीक पडत होती. मी नवा पांढरा फ्रॉक घालून गेले होते. तो घरी येईपर्यंत राखाडी झाला होता.

सिनेमा हिंदीत डब केलेला. त्यातल्या हिरोचं काम एकच, पडणाऱ्या गोष्टी झेलायच्या. कोसळणारा पूल, घसरणारी बस, गच्चीवरून सुटलेलं पोर. हिंदीत त्याचं नाव काहीतरी भारदस्त होतं. बाबांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याला झेल्या करून टाकलं आणि आमच्या घरात तो कायमचा झेल्याच राहिला.

थोड्या वेळाने पाहिलं तर बाबा डोळे मिटून बसलेले. मला वाटलं झोपले. मी कोपर मारलं.

"बाबा, पाहा ना."

"पाहून तं सारेच राहिले," ते डोळे न उघडता म्हणाले. "तू आयक. आता येते पाय तो."

आणि खरंच झेल्या आला. काच फोडून आला. टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या.

"तुमाले कसं समजलं?"

"बाज्यावाल्याले आंधी समजते, बाई. नवरदेव मांडवात याच्या आंधी आपण नाही का वाजवत? तसंच हाय ते."

मनोहरकाका वैतागले होते. "साऱ्या पिच्चरात एकच धून घोळून राहिला गा तो. नवी बनवाचा आळस येते का त्याले?"

"एकच नाही ना," बाबा म्हणाले. "तो लहान होता तवा बासरीवर होती. कोवळी होती. आता पितळेच्या बाज्यावर आली. धून तीच, वय वाढते तिचं."

त्या दिवशी मी सिनेमा ऐकायला शिकले. खलनायकाने झेल्याला ढिगाऱ्याखाली गाडलं तेव्हा चारच सूर वाजले आणि तुटले. पुन्हा चार, पुन्हा तुटले. मागच्या बाकावरची बाई "मेला, मेला" म्हणत होती. बाबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "पाचवा नाही देला अजून. पाचवा देल्याबिगर सिनेमा संपत नाही. तू घाबरू नको." मी पाचव्या सुराची वाट पाहत बसले. तो आला तेव्हा ढिगारा हलला.

पण खरी गोष्ट मध्येच कुठेतरी होती. झेल्याला वाढवणारी मावशी त्याला शहराच्या बसमध्ये बसवून देते. डबा देते, काही बोलत नाही. तिथे तीच धून क्लॅरिनेटवर होती, इतकी हळू की ओळखूच येऊ नये. बाबांनी डोळे उघडले. पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा मिटले. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. मनोहरकाकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले आणि त्या पांढऱ्या दुपट्ट्यावर दोन काळे डाग पडले.

घरी येताना एसटीत बाबा खिडकीच्या गजावर बोटं आपटत बसले होते.

पुढे महिन्याभरात ती चूक झाली. आमच्या शेजारच्या कौशीकाकूच्या थोरल्या पोरीचं लग्न होतं. दुपारची बिदाई. बाबा नेहमीचं, सगळ्यांना पाठ असलेलं सिनेमातलं बिदाईचं गाणं वाजवत होते. आमच्याकडे रीत अशी की बाजा दारापासून गाडीच्या बाजूबाजूने चालतो आणि तलावाच्या पाळीवर थांबतो. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, ही गावाची शीव. तिथून पुढे पोरगी सासरची. पण ती पोरगी गाडीतच बसेना. कौशीकाकूच्या गळ्यात पडली ती सुटेचना. गाणं एकदा संपलं, दोनदा संपलं. तिसऱ्यांदा बाबांची बोटं आपोआप वेगळीकडे गेली. झेल्याच्या बसच्या धुनेवर. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते, मला ती पहिल्याच सुराला कळली. आता सगळे हसणार, असं वाटलं. मनोहरकाकांनी दचकून बाबांकडे पाहिलं, ताशाच्या काड्या कमरेला खोचल्या आणि नुसत्या बोटांनी हळूहळू ताल धरला.

कोणी हसलं नाही. आधी बाया रडल्या, मग पुरुष तोंड फिरवून उभे राहिले. पोरगी गाडीत बसली. बाबा गाडीच्या बाजूने चालले, चार सूर वाजवले, पाचवा धरला आणि गाडी पाळीवरून पलीकडे उतरेपर्यंत सोडला नाही. एवढी फूक त्यांच्या त्या बारक्या छातीत कुठून आली कोण जाणे.

पुढच्या लग्नात नवरीच्या आईनेच सांगितलं, "कौशीच्या पोरीले वाजवली ते वाजवजा, भाऊ." त्याच्या पुढच्या लग्नातही. मग तुमसरच्या पार्ट्यांनी ती उचलली, नदीपलीकडच्यांनी उचलली. दोन-तीन वर्षांत ती "सिहोऱ्याची बिदाई" झाली आणि फार जुनी, आजीपणजीच्या वेळची झाली. बाबांनी कोणाला काही सांगितलं नाही. इतकंच नाही, तर नवरदेव मांडवात येताना ते तीच धून पार्टीतल्या पितळेच्या बाज्यांवर, जोरात वाजवून घ्यायचे. साऱ्या लग्नात लोक येतानाही झेल्याच्याच धुनेवर नाचायचे आणि जाताना तिच्यावरच रडायचे. कोणाला पत्ता नव्हता. आम्हा तिघांना होता. मनोहरकाका ताशा बडवता बडवता माझ्याकडे पाहून डोळा मारायचे आणि मला हसू आवरत नसे.

एकदा मी बाबांना विचारलं होतं, सगळे रडतात, तुम्ही कसे रडत नाही? ते तेव्हा जुन्या ब्लेडने पत्ती घासत होते.

"रडला का फूक गेली. बाज्यावाल्याले रडता येत नाही, बाई. छाती हालते, व्होठ हालते, आवाज फाटते."

"पण रडू आलंच तं?"

"नवरीच्या तोंडाकडं पाहाचंच नाही. गाडीच्या चाकाकडं पाहाचं. चाक फिरून राहिलं का आपण चालाचं."

त्यानंतर मी लक्ष ठेवून पाहिलं. बिदाईच्या वेळी ते खरोखरच चाकाकडे पाहत असत. कोणाची पोर, कोणती गाडी, काही नाही. नुसतं चाक.

दुसरा भागही आम्ही तुमसरलाच पाहिला. त्यात झेल्याच्या धुनेत एक बाईमाणसाची धून येऊन मिसळली होती. बाबा म्हणाले, याचं लगन होणार. झालं. तोपर्यंत मी भंडाऱ्याला कॉलेजला जायला लागले होते आणि मला बाज्याची लाज वाटायला लागली होती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मैत्रिणींना मी सांगायचे, वडील शेती करतात. तेही खोटं नव्हतंच म्हणा.

माझं लग्न नागपूरच्या घरी ठरलं. कसं ठरलं, कोणी ठरवलं, ते सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं ठरतं तसंच. लग्नाला आठ दिवस असताना मी ओसरीत बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, त्यायच्याकडून डीजे येणार हाय. आपला बाजा नको."

ते पत्ती घासत होते.

"अन् तुमी तो लाल कोट नका घालजा."

"बरं," ते म्हणाले.

एवढंच. ब्लेडचा खर्र खर्र आवाज थांबलासुद्धा नाही. तो "बरं" मी सतरा वर्षं ऐकत आले. भाजी निवडताना ऐकला, दवाखान्यात आर्या झाली त्या दिवशी ऐकला, पोळ्या लाटताना ऐकला. सिनेमावाले त्याच्या मागे काय वाजवतील कोण जाणे. माझ्या आयुष्याची फिरून फिरून येणारी धून तीच आहे.

बिदाईची वेळ झाली तेव्हा डीजे बंद झाला होता. त्यांना मशीन गाडीत चढवायची घाई होती. माझ्या डोक्यावरून शाल होती, मला फक्त माझे पाय आणि लोकांच्या चपला दिसत होत्या. आणि मी वाट पाहत होते. नको म्हणून सांगणारी मीच, आणि वाट पाहणारीही मीच. बाबा माझं ऐकणार नाहीत, आता पहिला सूर येईल, असं मला अगदी खात्रीने वाटत होतं. बायांचं रडणं ऐकू आलं. कोणीतरी नारळ फोडला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडी हलली. पाळ आली आणि गेली, तेव्हा खिडकीतून तलावाचा गारवा आत आला, त्यावरून मला कळलं. मी शालीच्या आत तोंड घालून बसून राहिले.

मग काय, दिवस गेले. मालिकेला नवे लोक आले आणि त्यांनी जुनी धून काढून टाकली. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तो येते हे लोकाइले कसं समजते?" इकडे सिहोऱ्यातही डीजे आला. बाज्याची बोलावणी कमी होत गेली, पार्टीतली माणसं एकेक करून पांगली. मनोहरकाका गेले. आई गेली. बाबांचे पुढचे दात पडले, आणि दात पडले की क्लॅरिनेट तोंडात धरता येत नाही. कवळी बसवून त्यांनी एकदा वाजवून पाहिलं, पण ती खुळखुळायला लागली. त्यांनी क्लॅरिनेटचे तुकडे सोडवून पेटीत ठेवले आणि पेटी फळीवर. मी सणावाराला जायचे, दोन दिवस राहायचे, परत यायचे. आम्ही धानाबद्दल बोलायचो, शुगरबद्दल बोलायचो. ती पेटी डोक्यावर असायची.

त्या सिनेमानंतर, या डिसेंबरात मी त्यांना कायमचं नागपूरला आणायला गेले. कारणं सांगत बसत नाही. म्हाताऱ्या बापाला घरी आणायची कारणं सगळीकडे तीच असतात. मी स्वतः गाडी चालवत गेले आणि आर्याला सोबत घेतलं. धान चुरून मळणी आटोपली होती, अंगणाअंगणांत तणसाचे ढीग होते आणि हवेत तो कोरडा, नाक चावणारा वास होता. बाबा अंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून ओसरीत तयार बसले होते. एक ट्रंक, एक वळकटी आणि पेटी. त्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि मला फार थकल्यासारखं झालं. तीन तास गाडी चालवण्याचा तो थकवा नव्हता.

कौशीकाकू आता कौशीआजी झाली आहे. ती निरोप द्यायला आली आणि अंगणात बसली. आर्या तिला मोबाइलवर त्या नव्या सिनेमाच्या क्लिप्स दाखवत होती. बस थांब्याची जागा आली आणि ती धून वाजली. कौशीआजीने मोबाइल हिसकावून कानाला लावला. तिचा चेहरा रागाने लाल झाला.

"ये बाई! हे तं आमची बिदाई हाय! चोरली वो यायनं!"

"नाही आजी, ही त्यांचीच थीम आहे," आर्या समजावायला लागली. "खूप जुनी आहे, पहिल्या पार्टपासून..."

"कायची जुनी? माह्या पोरीले वाजवली, मी सोता उभी होतो. तुहा आजा वाजवत होता, इचार त्याले! काहून जी भाऊ, हे लोक कवा आलते चोराले?"

बाबा बोळक्या तोंडाने हसत होते. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. राहू दे.

"नेली असन," ते म्हणाले. "चांगली होती, तं नेली."

आर्या माझ्याकडे पाहत राहिली. थेटरातलं तिचं कोडं बहुतेक तिथे सुटलं. तिने मोबाइल बंद केला आणि गुपचूप आजीने दिलेली बोरं खायला लागली.

सामान गाडीत चढवलं. बाबा पुढे माझ्या शेजारी बसले, पेटी मांडीवर. आर्या अजून अंगणातच होती. काच खाली केलेली होती, बाहेर बाया जमत होत्या. मला वाटलं, आता विचारलं नाही तर नागपूरच्या फ्लॅटमध्ये मी हे कधीच विचारणार नाही. तिथे आम्ही दोघंही शुगरबद्दलच बोलू.

"बाबा," मी म्हणाले, "माह्या लग्नात तुमी नाही वाजवलं."

ते पेटीच्या कडीशी खेळत होते.

"मी नको म्हटलं होतं म्हणून ना? त्या कोटाचं बोलली म्हणून? तुमाले लागलं ना ते?"

"लागलं तं होतं," ते म्हणाले. त्यांनी उगाच नाही म्हटलं नाही, याचं मला त्या क्षणीही बरं वाटलं. "पण मी वाजवलो."

"नाही, बाबा. मी ऐकत होती."

"वाजवलो ना. कोट नाही घातलो, तू नाही म्हटली होती तं. मांडवाच्या मांगून आलो. मनोहर होता संग, त्याले इचारली असती तं त्यानं सांगलं असतं. पूरी धून वाजवलो. पाळीपर्यंत चाललो." ते थांबले. "आवाज नाही निघाला."

मी किल्लीला लावलेला हात खाली घेतला.

"चाकाकडं पाहाले पाहिजे होतं मले," ते म्हणाले. "एवढे लगनं केलो, कधी चुकलो नाही. त्या दिवशी तुह्या तोंडाकडं पायलो. शालीतून जरासं दिसून राहिलं होतं. मंग कायची फूक."

बाहेर कौशीआजी आली. तिने खिडकीतून हात घालून बाबांच्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवली आणि स्वतःच्या कानशिलावर मोडली. "पोरीच्या घरी चालले, भाऊ. जुन्या लोकाइवानी तिथलं पाणी नाही पेणार, असं नका करजा." बाबा म्हणाले, "पेतो ना वो." आर्या मागे बसली. सगळ्या बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बिदाईला असतात तशाच, पण बाजा नव्हता.

मी गाडी सुरू केली. पहिल्या गिअरमध्ये टाकली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत बाबांनी पेटी उघडली होती. क्लॅरिनेटचे पाच तुकडे एकात एक बसवायला त्यांना फार वेळ लागला नाही. पत्ती लावलीच नाही. ते तोंडाकडेही नेलं नाही, मांडीवर उभं धरलं आणि बोटं ठेवली.

क्लॅरिनेटच्या चाव्या दाबल्या की बारीक आवाज होतो, टक्, टक्. वाजत असताना तो कोणाला ऐकू येत नाही. मला आता तेवढाच ऐकू येत होता. एक. मग थांबून दुसरा. तिसरा, चौथा. चढत जाणारे. ती बसची चाल होती, हळू, इतकी हळू की दुसऱ्या कोणाला कळलीच नसती. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. गाडी माणसाच्या चालीने जात राहिली. मागून एका मोटरसायकलवाल्याने हॉर्न मारला आणि तो बाजूने निघून गेला. आर्याने कानातले इअरफोन काढले.

पाचव्याला त्यांनी बोटं दाबून धरली.

समोर धानाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर तुमसरकडे चालला होता. आम्ही त्याच्या मागे मागे होतो. मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्या ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाकडे पाहत होते. डावीकडे तलाव आला, खिडकीतून गारवा आला. पाळ सुरू झाली. त्यांची बोटं तशीच होती, नखं पांढरी पडलेली. पाळ संपली, गाडी पलीकडच्या उताराला लागली, आणि मग त्यांनी एकेक करून बोटं उचलली.